कोयनेचे हादरे, कवचाचा नकाशा

पुण्यातल्या स्वारगेटचं भुयारी मेट्रो स्थानक ज्या काळ्या कातळात खोदलं, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण हा कातळ म्हणजे नुसता वरचा थर. पुण्याखालचं भूकवच 35 ते 40 किलोमीटर जाड आहे आणि तितकं खोल भोक जगात कुणीच पाडलेलं नाही. रशियातलं विक्रमी कोला छिद्रसुद्धा बारा किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं.

मग जाडी मोजली कुणी? भूकंपांनीच.

1909 मध्ये क्रोएशियात झालेल्या भूकंपाच्या नोंदी चाळताना आंद्रिया मोहोरोविचिच यांना एकाच धक्क्याच्या दोन पी लहरी, म्हणजे सर्वांत आधी पोचणाऱ्या भूकंपलहरी, दिसल्या. एक वरच्या खडकातून थेट आलेली. दुसरी खोल बुडी मारून वेगवान थरातून धावलेली, आणि म्हणून दूरच्या वेधशाळांत पहिलीच्या आधी हजर! कवच आणि त्याखालचं प्रावरण यांची सीमा अशी हाती लागली.

आता एका भूकंपमापकावरही भागतं. सुमात्रात मोठा भूकंप झाला की त्याची पी लहर पुण्याखालून वर येते. त्या सीमेवर तिचा थोडा अंश मंद एस लहरीत बदलतो आणि साधारण साडेचार सेकंद उशिरा पोचतो. खडकांतला वेग ठाऊक असला की उशिरावरून जाडी काढता येते.

महाराष्ट्राला या विद्येची निकड कोयनेने दाखवली. 1962 पासून कोयना धरणात पाणी साठू लागलं, तसे हादरे सुरू झाले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत तो जगात सर्वांत मोठा मानला जातो. पुढे सत्तरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने गुहागर-चोरोची आणि केळशी-लोणी या रेषांवर सुरुंग उडवून कृत्रिम लहरींनी कवच तपासलं. भूकंपाची वाट कोण बघणार!

आज कोयनेखालचा खडक तपासण्याचं काम कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळेकडे आहे. कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी छिद्र 2017 मध्ये पुरं झालं. 1247 मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मध्ये गाळाचा थर नाहीच. कोयना परिसरातल्या अशा काही छिद्रांत भूकंपमापक उतरवले आहेत. तिथे वाऱ्याची, वाहनांची थरथर फारशी पोचत नाही, त्यामुळे वरच्या यंत्रांतून निसटणारे बारीक धक्केही पकडता येतात. जितके जास्त धक्के टिपले जातील, तितक्या अधिक वाटांनी लहरी खडक छेदून गेलेल्या सापडतात, आणि प्रस्तरभंगाची, म्हणजे खडक जिथे सरकतात त्या भेगेची, रेघ तेवढी नेमकी उमटते.