चार मीटरच्या आत

गाड्यांच्या डिक्या सरकारी नियमानं आखूड केल्या, हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर पटकन पटत नाही. धाराशिवात माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, गाडीचा बांधा रोज हाताखालून जातो.

अँबॅसिडर आणि पद्मिनीत इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, जोर मागच्या चाकांना. म्हणून नाक लांब आणि मधून जाणाऱ्या शाफ्टमुळं पायाखाली उंचवटा. १९८३ला मारुती ८०० आली ती आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर घेऊन. १९५९च्या ब्रिटिश मिनीनं जगभर रुजवलेलीच ही मांडणी. नाकातली जागा वाचली आणि ती माणसांना मिळाली.

डिकीचं कारण मात्र वेगळं. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आलं. अट अशी, की लांबी चार मीटरच्या आत हवी. इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५००. लगेच २००८ला टाटांनी शेपूट आखडलेली इंडिगो सीएस काढली. डिझायर आधी चार मीटरच्या वर होती, २०१२ला ३९९५ मिलिमीटरवर आली. आमच्याकडं ऊसतोडीच्या मुकादमापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची लाडकी बोलेरोही २०१६ला चार मीटरच्या आत बसवली. सप्टेंबर २०२५च्या जीएसटी बदलातही ही रेघ राहिली: आत १८ टक्के, बाहेर ४०.

लांबी अडली, तशी गाडी उंचीत आणि रुंदीत वाढली. पद्मिनी आणि नेक्सॉन शेजारी लावून टेप धरला तर लांबीत फार फरक नाही. रुंदीत मात्र नेक्सॉन फूटभराहून जास्त भरते. उंच खुर्चीसारखं ताठ बसवलं की गुडघ्यांना कमी लांबी पुरते, म्हणून छत वर गेलं.

रुंदीतला काही वाटा सुरक्षेचा आहे. नव्या गाडीच्या दाराचं आतलं पॅड काढलं की पत्र्यामागं पोलादी आडवा बार दिसतो. बाजूनं धडक बसली तर तो झेलतो. तो वाकला की ठोकून सरळ करू नये, दारच बदलावं. नव्या मॉडेलांना २०१७च्या ऑक्टोबरपासून समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली. पिलर जाड झाले, काचा लहान झाल्या. पुढच्या वर्षी पायी चालणाऱ्यांसाठीही नियम आला. डोकं आपटलं तर पत्रा दबायला हवा, म्हणून बॉनेट आणि इंजिन यांच्यात पोकळी ठेवावी लागते आणि नाक उंचावतं. कोजागिरीला सोलापूरकडून तुळजापूरला चालत येणारी माणसं पाहिली की हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

पण उंच नाकाआड लहान मूल दिसत नाही, जाड पिलरमागं मोटारसायकल लपते. म्हणून गाडी घ्यायला निघालेल्याला मी सांगतो: मायलेज नंतर विचारा. आधी शोरूममध्ये उभ्या गाडीच्या सीटवर बसा, नाकापुढं आपलं लेकरू उभं करा. दिसलं नाही, तर दुसरं मॉडेल बघा.