परड्यातली खोली आणि दोन वेगळे २०० मीटर

दापोली तालुक्यातल्या मुरुडची घरं रस्त्याच्या कडेने ओळीने उभी आहेत. पुढे ओटी-पडवी, मागे परडं, विहीर आणि समुद्राच्या अंगाला नारळी-पोफळीची वाडी थेट पुळणीपर्यंत. पर्यटक वाढले तसा घरोघरी एकच प्रश्न निघू लागला : मागे दोन खोल्या काढायच्या का? कुणाला पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या मुलासाठी हव्या असतात, कुणाला सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी. दोन्ही गरजा रास्त आहेत. पण त्याबद्दल गावात जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं अर्धवट आहे, आणि त्याची किंमत साधी माणसं मोजतात. मुरुडच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या बांधकामांवरून गेल्या काही वर्षांत जे रान उठलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर निम्मं गाव घाबरलं आणि उरलेलं म्हणू लागलं, ‘मोठ्यांचं काही होत नाही, मग आपलं काय होणार?’ दोन्ही भूमिका नुकसानीच्या आहेत.

एक खुलासा आधी. रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याला नगरपरिषद आहे, आपल्याकडे ग्रामपंचायत. तिकडच्या नातेवाइकाला परवानगी कशी मिळाली याच्या हकिकती इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत.

गैरसमज : ‘जागा आमची, वाडी आमची. दोन खोल्यांना कसली परवानगी?’

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीवर बांधकाम करणं हा ‘विकास’ आहेच, पण तिच्या वापरात ठळक बदल करणं हाही विकासच आहे. त्यामुळे गोठ्याच्या जागी भाड्याची खोली केली, तरी प्रश्न उभा राहतो. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ गावाच्या हद्दीत बांधकामासाठी पंचायतीची परवानगी मागतं. वाडी सातबाऱ्यावर बागायत म्हणून लागलेली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ मुळे बिनशेतीचा मुद्दा येतो. आणि समुद्र जवळ असल्यामुळे या सगळ्यांच्या वर किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना येते.

म्हणून बांधकाम किती लहान आहे हे नंतर पाहायचं. आधी पाहायचं ते कुठे आहे. मुरुडमध्ये सगळा निकाल या ‘कुठे’वर लागतो.

गैरसमज : ‘२०० मीटरच्या आत असलं की बिनशेती लागत नाही’

हा गैरसमज सगळ्यात घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, वापर नियोजनाशी जुळत असेल आणि ठरलेला कर भरला असेल, तर बिनशेती झाली असं मानलं जातं. बांधकामाची परवानगी तरीही वेगळी घ्यावी लागते.

दुसरे २०० मीटर मोजायचे ते समुद्राकडून. सीआरझेड-३ मध्ये, म्हणजे ग्रामीण किनाऱ्यावर, भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून हे चालत आलं आहे. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी हा पट्टा ५० मीटरवर आणला, पण त्यासाठी २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती हवी. वाडीवाडीने पसरलेली कोकणातली गावं इतकी दाट क्वचितच भरतात. ‘आता ५० मीटरच आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर मंजूर नकाशा दाखवायला सांगा.

मुरुडची अडचण अशी की हे दोन पट्टे एकाच वाडीवर एकमेकांवर चढतात. घर गावठाणाला लागून, त्यामुळे जमीन पहिल्या २०० मीटरमध्ये. आणि वाडीचं शेवटचं टोक पुळणीला भिडलेलं, त्यामुळे तेच टोक दुसऱ्या २०० मीटरमध्येही. महसुली सवलत राज्याच्या कायद्यातली, सीआरझेड केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालची. पहिली दुसरीला पुसत नाही. पाहुण्याला खोली हवी असते ती अगदी पोफळींच्या शेवटी, लाटांचा आवाज ऐकू येईल अशी. नेमकी तीच जागा नवीन बांधकामाला बंद असते.

भरतीरेषाही आपण ठरवायची नसते. उधाणाचं पाणी कुठवर आलं होतं, यावर वडीलधाऱ्यांचं म्हणणं कितीही अचूक असलं तरी कागदावर चालत नाही. केंद्राने नेमलेल्या संस्थांनी आखलेली रेषाच धरतात. गावपातळीवरचे नकाशे १:४००० प्रमाणात, गट क्रमांकांवर बेतलेले असतात. आपला गट त्यावर कुठे पडतो आणि त्याला सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेचा नकाशा लागू आहे की २०१९ च्या, हे लेखी विचारून घ्यावं. ज्या भागाचा नवा नकाशा मंजूर झालेला नाही, तिथे जुनाच चालतो, असं २०१९ ची अधिसूचनाच सांगते.

गैरसमज : ‘घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं’

नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. ग्रामपंचायत उभ्या असलेल्या इमारतीवर कर लावते. म्हणून ती इमारत मंजूर ठरत नाही. वीज मीटर आणि नळजोडणीचंही तेच.

मात्र जुना नमुना ८ टाकाऊ समजू नका. घर १९९१ च्या आधीपासून उभं आहे हे दाखवायला तो फार उपयोगी पडतो. जुन्या नोंदीत घराचं क्षेत्रफळ आणि बांधणीचा प्रकार, म्हणजे मातीचं, चिऱ्याचं, कौलारू, लिहिलेलं असतं. ही नोंद जपून ठेवा.

गैरसमज : ‘वादळात पडलेलं घर कसंही बांधता येतं’

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यातली कौलं आणि पत्रे उडवले, पोफळी मुळासकट झोपवल्या. त्यानंतर दुरुस्तीच्या नावाखाली काही ठिकाणी घरं वाढली. लोकांच्या हालांपुढे हे समजण्यासारखं आहे, पण नियम माहीत असायला हवा. ना-विकास क्षेत्रातही अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. अट अशी की जोतं, चटईक्षेत्र आणि घनता आधी होती तितकीच राहिली पाहिजे. कौलारू घराचं जोतं दहा फूट मागे सरकवून स्लॅबचा मजला चढवला, तर ती दुरुस्ती उरत नाही.

२०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात मात्र गावठाण आणि कोळीवाड्यांच्या पारंपरिक हक्कांच्या चौकटीत राहतं घर बांधायला वाव आहे : तळमजला अधिक एक मजला, उंची ९ मीटरपर्यंत. २०१९ ची अधिसूचना जिथे लागू आहे, तिथे स्वतःच्या राहत्या घराला ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत, स्थानिक प्राधिकरणच सीआरझेडचे नियम तपासून मान्यता देऊ शकतं. राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. मुलासाठी स्वतंत्र बिऱ्हाड हवं असेल, तर रस्त्याच्या बाजूची जागा आधी पाहा.

गैरसमज : ‘पाहुणे ठेवायचे तर वेगळी खोली बांधावीच लागते’

हे सगळ्यांनी ऐकावं असं मला मनापासून वाटतं. २०१९ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांना, मच्छीमारांसह, राहत्या घरात ‘होम स्टे’ चालवायची मुभा दिली आहे. अट एवढीच की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. मुंबईला गेलेल्या भावाची रिकामी खोली, माडी, मागची पडवी नीट करून पाहुण्यांना देणं यात बसतं. पर्यटन विभागाची न्याहरी व निवास योजनाही अशाच घरांसाठी आहे, जिथे मालक स्वतः राहतो. जुनं घर पाडून त्याचं लॉज करण्यापेक्षा हा रस्ता मला गावाच्या दृष्टीनेही चांगला वाटतो.

गैरसमज : ‘शेतघराला काही लागत नाही’, ‘बांबूचं आहे, म्हणजे बांधकाम नाही’

शेतघराची सवलत शेती कसणाऱ्यासाठी आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे, जमीन लागते. वाटण्या होत होत मुरुडच्या कितीतरी वाड्या त्याहून लहान झाल्या आहेत. शिवाय पर्यटकांना भाड्याने दिलेली खोली शेतीच्या कामाची ठरत नाही. बांबू, तंबू, कंटेनर यांनीही जमिनीचा वापर बदलतोच. वाळूच्या टेकड्या तर सीआरझेड-१ मध्ये, सर्वांत कडक संरक्षणाखाली येतात.

आणि प्रश्न फक्त भिंतींचा नाही. दोन खोल्या म्हणजे दोन संडास, शोषखड्डा आणि उन्हाळ्यात टाकी भरणारा पंप. वाळूखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारं पाणी वर चढतं आणि आधी विहीर, मग पोफळी बिघडतात. म्हणूनच २०११ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशावर बंदी आहे. स्थानिक लोकांच्या वस्तीत, फक्त त्यांच्या स्वतःच्या वापराला तेवढी सूट आहे; आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यातही दुसरा स्रोत नसेल तिथेच पिण्यासाठी, बागायती-शेतीसाठी आणि मासेमारीसाठी साध्या विहिरीतून हाताने पाणी काढता येतं. परवानगी मिळो न मिळो, शोषखड्डा विहिरीजवळ घेऊ नका.

गैरसमज : ‘अमेरिकेत परड्यात घर बांधायला सरकार प्रोत्साहन देतं’

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या नातलगांकडून हे ऐकू येतं आणि ते खरं आहे. तिथे घरांची टंचाई इतकी आहे की राज्याने कायदा करून शहरांचे हात बांधले. नियमात बसणाऱ्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो आणि ८०० चौरस फुटांपर्यंतच्या परड्यातल्या घराला सहसा नाही म्हणता येत नाही. पण तिथेही समुद्रकाठी १९७६ चा किनारा कायदा कायम आहे, त्याची परवानगी वेगळी काढावी लागते. मुदतीत उत्तर देण्याची त्यांची सक्ती मात्र आपल्याकडेही असायला हवी. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात, तेव्हाच माणूस गवंड्याला बोलावतो.

गैरसमज : ‘घर माझ्या नावावर आहे, बाकीच्यांना विचारायचं कशाला?’

कोकणातलं अर्धं बांधकाम इथेच अडतं. घराची नोंद एका भावाच्या नावावर आणि सातबाऱ्यावर पंधरा सहहिस्सेदार, त्यातले काही हयात नाहीत, काही बडोद्याला, काही परदेशात. सामाईक जमिनीवर परवानगीसाठी त्यांची संमती मागितली जाते, आणि एकाने हरकत घेतली तरी प्रकरण थांबतं. आधी वारसनोंदी पूर्ण करा, मग रीतसर वाटप आणि पोटहिस्स्याची मोजणी. दापोलीच्या भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा हाती आल्यावर आपल्या वाट्याची वाडी पुळणीकडची की रस्त्याकडची हे कळतं. वाटणी करताना भावाभावांत ‘समुद्राकडचा तुकडा मला’ म्हणून भांडणं होतात. खोली बांधायची असेल, तर मागून घ्यावा तो रस्त्याकडचा.