गणित कोणत्या भाषेत उमगते?

महाराष्ट्रातील अनेक जैन व्यापारी कुटुंबांत तीन-चार भाषा सहज नांदतात. घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी. दुकानात मराठी, बाहेरगावच्या व्यवहारात हिंदी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी. तरीही एक प्रसंग पुष्कळ घरांच्या ओळखीचा आहे. नातू ‘सिम्पल इंटरेस्ट’चे सूत्र घडाघडा म्हणतो, पण आजोबांनी विचारले, “दहा हजार रुपये दरमहा दरशेकडा दीड रुपयाने सहा महिने दिले, तर व्याज किती?” की तो गप्प होतो. आजोबा तोंडी उत्तर देतात : नऊशे. नातवाला सूत्र पाठ असते. मुद्दल, दर आणि मुदत यांचे नाते मात्र उमगलेले नसते.

हाच प्रश्न मलय, चिनी व तमिळ भाषकांच्या मलेशियासमोर देशव्यापी स्वरूपात उभा राहिला. मुले जागतिक स्पर्धेत मागे पडू नयेत, म्हणून २००३ पासून तेथे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्यास आरंभ झाला. हेतू चांगला होता. परंतु अनेक शिक्षकांनाच इंग्रजीतून शिकविणे जड गेले आणि शहरी व ग्रामीण मुलांतील अंतर वाढल्याचे दिसून आले. २००९ मध्ये शासनाने धोरण बदलण्याचे जाहीर केले. हे विषय पुन्हा मुलांच्या परिचयाच्या भाषेत आणताना इंग्रजी हा विषय अधिक चांगला शिकविण्यावर भर देण्यात आला. शहरांतील अनेक पालकांना हा बदल रुचला नाही. पुढे २०१६ पासून निवडक शाळांत इंग्रजीचा पर्याय पुन्हा खुला झाला.

आपल्याकडील सेमी-इंग्रजी वर्गांतही गणित व विज्ञान इंग्रजीत आणि उर्वरित विषय मराठीत असतात. व्यापार, उच्च शिक्षण आणि परदेशगमन यांसाठी इंग्रजी आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु इंग्रजी चांगली येणे आणि प्रत्येक संकल्पना प्रथम इंग्रजीतूनच शिकणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपरिचित भाषेत अपरिचित विषय आला, की मूल एकाच वेळी दोन ओझी वाहते आणि शेवटी पाठांतराचा आधार घेते.

यावर घरात करता येण्याजोगा उपाय साधा आहे. माध्यम कोणतेही असो, मुलाने दिवसाचा एक धडा आजी-आजोबांना घरच्या भाषेत समजावून सांगावा. जेथे तो अडेल, तेथे धडा कच्चा राहिला असे समजावे. खरेदी, नफा-तोटा, वजन-माप यांचे हिशेब दुकानातच त्याच्याकडून करवून घ्यावेत. शाळा निवडताना इमारतीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : मुलाला न समजल्यास शिक्षक त्याच्या भाषेत समजावतात काय?

संस्कृत ही विद्वानांची भाषा असताना भगवान महावीरांनी अर्धमागधी या लोकभाषेत उपदेश केला. पुढील आचार्यांनीही कन्नड, तमिळ, गुजराती अशा त्या त्या प्रांताच्या भाषांत ग्रंथरचना केली. ऐकणाऱ्याला कळावे, ही त्यामागील दृष्टी आपल्या मुलांच्या शिक्षणातही जपली जावी.