खिम्याचे यंत्र

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय उतरेल याचा नेम नसतो. आमच्याकडे एका वर्षी जुन्या धोतरात गुंडाळलेले एक लोखंडी धूड उतरले. मी विचारले, "आई, हे भंगारात देऊ का?" सासूबाई म्हणाल्या, "दे. पण आधी एकदा खिमा करून बघ."

हे यंत्र परदेशातले. त्याच्या शोधाचे श्रेय जर्मनीच्या कार्ल ड्राइस यांना देतात. १८१७ साली सायकलीची पूर्वज अशी दुचाकी चालवून दाखवणारे ते हेच! पुढे लंडनच्या स्पाँग आणि फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइझ या कंपन्यांनी ते घरोघरी पोचवले. त्याआधी मटण सुरीने तासन्‌तास चोचवावे लागे.

रचना अगदी साधी. टेबलाच्या कडेला पकड आवळायची, वरच्या नरसाळ्यात मटणाचे तुकडे टाकायचे आणि मूठ फिरवायची. आतला मळसूत्री दांडा ते पुढे ढकलतो, चार पात्यांची फुली कापते आणि भोकांच्या चकतीतून खिमा बाहेर येतो. आपल्या चकलीच्या सोऱ्याचाच हा थोरला भाऊ म्हणा ना. फरक एवढाच, की याला दात आहेत!

त्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने मूठ फिरवली. खिमा कसला, चिंध्या आणि पाणी! दंड भरून आले. "भंगारच आहे हो," मी म्हणाले. सासूबाईंनी मुकाट्याने यंत्र उघडले. पाते मी उलटे बसवले होते. त्याची सपाट, धारेची बाजू चकतीला घासून फिरली पाहिजे. नाहीतर मटण कापले न जाता चेंगरते. त्यांनी शिरा काढून टाकल्या, मटण गार करवले आणि लाकडी दट्ट्या माझ्या हाती देत म्हणाल्या, "बोटे आत घालायची नाहीत."

मग मात्र मोकळा, दाणेदार खिमा पडू लागला. मिक्सरमध्ये अनेकदा होतो तसा लगदा नव्हे. शेवटी पावाचा तुकडा घातला, तसे आत अडकलेले मटणही बाहेर आले. धुऊन लगेच कोरडे पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा, हेही त्यांनीच शिकवले. ओले राहिले की गंज धरतो.

भाऊबिजेला पॅटिस झाले. भंगारवाला आला, त्याला रद्दी दिली. सासूबाई आता नाहीत. पाते बसवताना मात्र मी अजून एकदा थांबते आणि बाजू बघून घेते.