पाणी भार घेतं तेव्हा

आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर कामात असतं. पोटऱ्यांचे स्नायू घोट्यापाशी तोल सावरतात, कण्याच्या दोन्ही अंगांचे स्नायू पाठ ताठ धरतात, मानेमागचे स्नायू साडेचार-पाच किलोचं डोकं पुढे कलू देत नाहीत. पहिलं पाऊल टाकलं त्या वयापासून हे काम चालू आहे, म्हणून त्याची जाणीवच उरलेली नाही. गादीवर आडवं झाल्यावर ते बरंच कमी होतं, तरी टाचा, माकडहाड आणि खांदे यांवर वजन येतच राहतं. हा भार अंगावरून जवळजवळ पूर्ण उतरला, तर शरीराला आणि मनाला काय वाटेल? त्याचं उत्तर छातीइतक्या खोल कोमट पाण्यात मिळतं. त्यासाठी पाण्यात आपल्याला हातांवर तोलून धरणारा एक माणूसही लागतो.

या उपचारपद्धतीला वॉट्सू म्हणतात. ती सुरू करणारा हॅरॉल्ड डल हा मुळात कवी, सॅन फ्रान्सिस्कोच्या कवीमंडळींतला. पुढे तो शियात्सूकडे वळला. अंगठ्यांनी आणि तळव्यांनी दाब देत, हातपाय हळूहळू ताणत शरीर मोकळं करण्याची ही जपानी पद्धत. तिच्यातले नामवंत गुरू शिझुटो मासुनागा यांच्याकडे जपानमध्ये जाऊन डल शिकला. १९८० च्या सुमारास तो उत्तर कॅलिफोर्नियातल्या हार्बिन हॉट स्प्रिंग्ज इथे होता. या झऱ्यांचं पाणी लेक मिवोक या मूळ रहिवाशांना वसाहतवाले येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. तिथल्या कोमट कुंडात डलने एक साधी गोष्ट करून पाहिली. जमिनीवरच्या चटईवर जे ताण तो देत असे, ते त्याने पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला दिले. चटईवर पाठ हलायला जागा नसते, एक बाजू कायम दाबलेली राहते. पाण्यात कणा चारही दिशांना मोकळा होता. पाय हलवला की त्याची लाट कमरेतून पार मानेपर्यंत जात होती.

वॉट्सूचं सत्र साधारण तासाभराचं असतं. सुरुवात कुंडाच्या भिंतीशी, उभ्यानेच होते. मग उपचारक एक हात डोक्याखाली आणि दुसरा कमरेखाली किंवा गुडघ्यांखाली घेऊन माणसाला उताणं तरंगू देतो. पहिली काही मिनिटं तो दुसरं काहीच करत नाही, फक्त श्वासाकडे लक्ष देतो. श्वास आत गेला की फुप्फुसं फुगतात आणि शरीर किंचित वर येतं. श्वास सुटला की किंचित खाली जातं. त्या चढउतारात उपचारकाचे हात नुसते सोबत राहतात. झोके, वळणं आणि ताण त्यानंतर येतात. शेवटी माणसाला पुन्हा भिंतीशी आणून पायांवर उभं केलं जातं. पाहणाऱ्याला यात विशेष काही घडताना दिसत नाही. पण त्या तासात शरीराची चार अखंड कामं पाणी एकेक करून आपल्याकडे घेत असतं.

पहिलं काम वजन पेलण्याचं. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते, आणि छातीत हवा भरली की ती पाण्यापेक्षाही थोडी कमी होते. म्हणून कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार येतो, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. साठ किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना तिथे सहा किलोच जाणवतात. जमिनीवर पाऊल उचलणं अवघड झालेली माणसं पाण्यात चालू शकतात ती यामुळेच. पोलिओने पाय निकामी झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे गेले, आणि त्या पाण्याने त्यांना इतका धीर दिला की दोन वर्षांनी त्यांनी ती जागाच विकत घेतली. पोलिओ त्या पाण्याने बरा झाला नाही. पण जमिनीवर ज्या पायांचा उपयोग नव्हता, त्यांनी पाण्यात उभं राहता आलं.

दुसरं काम ऊब राखण्याचं. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे इथे एक-दोन अंशांनीही फार फरक पडतो. पोहण्याच्या तलावातलं पाणी साधारण २६ ते २८ अंशांचं असतं. त्यात हात न हलवता पडून राहिलं तर थोड्याच वेळात हुडहुडी भरते. पाणी ३७ अंशांच्या वर गेलं तर शरीराला स्वतःची उष्णता टाकायला वाट उरत नाही आणि आतलं तापमान चढू लागतं. मधे, ३५ अंशांच्या आसपास, एक अरुंद पट्टा आहे. स्वस्थ पडलेलं शरीर जेवढी उष्णता तयार करतं तेवढीच तिथे पाण्यात जाते. कुडकुडायचं नाही, घाम काढायचा नाही. कातडी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हेही काही वेळाने उमगेनासं होतं.

वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा कोकणात उन्हवरे, तुरळ-राजवाडी इथे गरम कुंडात उतरलेल्यांना हा फरक नेमका कळेल. त्या पाण्याचा शेक कडक असतो. सांधे मोकळे होतात, अंग लाल होतं आणि थोड्या वेळात बाहेर यावंसं वाटतं. तोही आराम खराच, पण तो उष्णतेचा आराम आहे. वॉट्सूचं पाणी त्याहून पुष्कळ सौम्य असतं, म्हणून त्यात तासभर राहता येतं. काही अनुभव इतके हळू येतात की त्यांना तेवढा वेळ द्यावाच लागतो.

तिसरं काम हृदयाचं. आपण उभे असलो की गुरुत्वाकर्षणाने पायांच्या शिरांत रक्त साठत राहतं आणि ते वर ओढून आणावं लागतं. पाण्यात दर मीटर खोलीला दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरने वाढतो. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांभोवती हा दाब सगळ्या बाजूंनी सारखा पडतो आणि शिरांतलं रक्त वर सरकवतो. स्वीडिश संशोधकांनी १९७२ मध्ये हे मोजलं. ३५ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसांच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर रक्त जास्त आलं, आणि हृदय दर मिनिटाला जवळजवळ एक तृतीयांश जास्त रक्त पुढे ढकलू लागलं.

हृदयाचे कप्पे असे भरून ताणले गेले की ते स्वतःच एक संप्रेरक सोडतात. हृदय हे नुसता पंप नसून ग्रंथीसारखंही वागतं, हे १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांच्या प्रयोगांनी दाखवलं. या संप्रेरकाचा निरोप पोहोचला की मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. डुंबून आल्यावर लघवीला का लागते त्याचं एक उत्तर हेच. याच काळात, पाणी कोमट असेल तर, रक्तातलं नॉरअॅड्रिनलिन उतरतं. धोका दिसला की अंगात जी सज्जता चढते, ती वाढवणारं हे रसायन. म्हणजे उताणं तरंगण्याआधी, नुसतं गळाभर पाण्यात उभं राहिल्यावरच शरीराची शस्त्रं खाली ठेवायला सुरुवात झालेली असते.

चौथं काम पहाऱ्याचं, आणि ते कानांकडे असतं. आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं, कारण तो एका कानात आधी आणि दुसऱ्या कानात निमिषभर उशिरा पोहोचतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात जवळपास १,५०० मीटर. कान पाण्याखाली गेले की दोन कानांमधला तो फरक इतका आक्रसतो, आणि आवाज कवटीच्या हाडांतून असा चहूकडून येतो, की दिशा हरवते. बाहेरचं जग सगळीकडून सारखंच दूर वाटू लागतं. त्या जागी ऐकू येतो तो स्वतःचा श्वास.

इथवरचं सगळं पाणी एकट्याने करू शकतं. मग माणूस कशाला लागतो?

आधी झोक्याचं पाहू. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०११ मध्ये बारा जणांना दुपारची डुलकी घ्यायला लावली, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा हळू झुलणाऱ्या पलंगावर. झुलत्या पलंगावर झोप लवकर लागली आणि ती लवकर गाढही झाली. त्या पलंगाची लय चार सेकंदांना एक झोका अशी होती. स्वस्थ माणसाचा एक श्वास साधारण तेवढाच चालतो. श्वासाच्या लयीत झुलवायचं हे डलने प्रयोगशाळेत जाऊन ठरवलं नव्हतं. तरंगणाऱ्या शरीरानेच त्याला ती लय दाखवली होती.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे दंडांवर, पाठीवर, एका वेगळ्या जातीचे मज्जातंतू असतात. टोचलं, भाजलं यांची तातडीची खबर वेगवान तंतू नेतात. हे तंतू मात्र अतिशय सावकाश, सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने संदेश नेतात. स्वीडिश संशोधकांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. हात त्वचेवरून सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरला की ते सर्वाधिक जागे होतात, आणि माणसाच्या त्वचेइतक्या उबदार स्पर्शाला थंड किंवा तापलेल्या स्पर्शापेक्षा जास्त दाद देतात. कुरवाळणाऱ्या हाताचा वेगही असाच असतो. दुसऱ्या माणसाची माया ओळखण्यासाठी निसर्गाने शरीरात स्वतंत्र वाट ठेवली आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. अजूनही आहे.

आता मनाकडे येऊ. वॉट्सूत पुष्कळांचे डोळे भरून येतात. कुणाला दुःख आठवतं, कुणाला काहीच आठवत नाही आणि तरी रडू येतं. स्नायूंमध्ये जुनी दुःखं साठलेली असतात आणि पाण्यात ती विरघळतात, असं काही जण सांगतात. मला त्याहून साधं आणि जास्त खोल कारण पटतं. घाबरलेला, दुखावलेला माणूस स्वतःला घट्ट धरून ठेवतो. खांदे वर, जबडा आवळलेला, श्वास अर्धा. जमिनीवर ती पकड सोडायची तर पडण्याची भीती असते. पाण्यात मात्र डोकं दुसऱ्याच्या हातावर असतं. तो हात काढला तर नाकातोंडात पाणी जाईल, हे शरीराला पक्कं माहीत असतं. आणि तासभर तो हात निघत नाही. विश्वास ठेवायला सांगून जे होत नाही, ते असं मिनिटामिनिटाने शरीराला पटत जातं.

म्हणूनच या हातांना शिस्त लागते. ज्यांच्या वाट्याला नकोसा स्पर्श आला आहे, त्यांना एवढी जवळीक जाचूही शकते. आधी विचारणं, कुठे हात ठेवला जाईल ते सांगणं आणि ‘थांबा’ म्हटल्याबरोबर थांबणं हा उपचाराचाच भाग आहे. ताप, उघडी जखम, आटोक्यात नसलेला अपस्मार किंवा गंभीर हृदयविकार असेल तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये वॉट्सूवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वेदना, हालचाल आणि मनःस्थिती यांत लाभाची चिन्हं दिसली. मात्र अभ्यास थोडे आणि लहान होते. तेव्हा औषधं आणि समुपदेशन यांच्या जोडीला ही पद्धत ठेवावी, त्यांच्या जागी ठेवू नये.

२०१५ च्या सप्टेंबरात वणव्याने हार्बिनच्या बहुतेक इमारती भस्मसात केल्या. २०१९ मध्ये ती जागा पुन्हा उघडली आणि त्याच वर्षी डल वारला. तोवर त्याची पद्धत अनेक देशांत, पुनर्वसन केंद्रांच्या कोमट तलावांत पोहोचली होती. तिथले उपचारक आजही डलने केलं तेच करतात: पाण्यात उभे राहतात, डोक्याखाली हात देतात आणि श्वासाची वाट पाहतात. वजन, ऊब, रक्त आणि पहारा हे भार पाणी घेतं. स्वतःला सतत सावरून धरण्याचा पाचवा भार पाण्याला घेता येत नाही; तो दुसऱ्या माणसानेच घ्यावा लागतो. एकमेकांसाठी आपण ते करू शकतो, आणि आपलं शरीर ते स्वीकारण्यासाठी मज्जातंतूंपर्यंत तयार असतं, हे मला या सगळ्या विज्ञानातलं सर्वांत मोठं नवल वाटतं.