हत्यार नवे की जुने?

आपल्या नांदेड-लातूरकडील मुलगा संगणकाचा प्रोग्रॅम लिहावयास बसला, की त्याची पहिली अडचण भाषेची नसते, हत्याराची असते. प्रोग्रॅम लिहिणे, तो यंत्राच्या भाषेत उतरविणे आणि त्यातील चुका शोधणे ही कामे ज्या साधनात होतात, त्याच्या अनेक आवृत्त्या असतात. त्यांतील कोणती घ्यावी? ही विद्या आम्ही पुस्तके चाळूनच शिकलो. परंतु कामगार आणि त्याचे हत्यार यांचे नाते आम्ही जन्मभर पाहत आलो आहो.

टर्बो सीचे उदाहरण घेऊ. बोरलँड कंपनीने ते १९८७ साली काढले. त्याचा निळा पडदा आपल्याकडील कित्येक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालतही नाही. डॉसबॉक्स नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने चालवावे लागते.

यात बिघडले कोठे? दोन कामगारांचा प्रत्येकी २०,००० रुपये पगार साध्या पूर्णांकात मिळवून पाहा. टर्बो सी हा आकडा १६ बिटांत ठेवते आणि तेथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही. उत्तर येते उणे २५,५३६! आजच्या साधनांत बहुधा ३२ बिट असतात व २१४ कोटींपर्यंत मजल जाते. मुलाची बेरीज बरोबर असते; हत्याराची मर्यादा मात्र त्याच्या माथी येते.

मग जुने ते सारे टाकाऊ काय? मुळीच नव्हे. जीसीसी हे सी भाषेचे साधनही १९८७ चेच. परंतु जगभरचे जाणकार ते आजतागायत दुरुस्त करीत आहेत, आणि ते मोफत मिळते. तेव्हा प्रश्न वयाचा नसून देखभालीचा आहे.

सर्वांत ताजी आवृत्ती घेण्याची घाईही नको. पायथॉन ३ हे २००८ साली आले, पण जोडीची अनेक साधने त्याच्याशी जुळावयास वर्षे लागली. उलट, पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. त्या आवृत्तीचे पुस्तक हाती घेऊन पायथॉन ३ वर बसणारा मुलगा छपाईच्या पहिल्याच आज्ञेला अडखळतो, कारण तेथे आता कंस लागतात.

म्हणून निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. या आवृत्तीची दुरुस्ती आज कोणी करतो काय? आपले पुस्तक व शिक्षक हिलाच धरून आहेत काय? आपल्या संगणकाला ती झेपते काय? कॉलेजच्या परीक्षेस जुनेच साधन असेल, तर तेथे ते वापरावे. घरी मात्र चालू साधनावर हात बसवावा.

गिरण्यांची धुराडी आमच्या डोळ्यांदेखत थंड झाली. ज्यांचा हात एकाच जुन्या यंत्रावर बसला होता, त्यांचे हाल आम्ही पाहिले. आपल्या मुलांवर ती पाळी पहिल्याच धड्यापासून येऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.