दरडीकडची भिंत

आंबा घाटाच्या वाटेवरच्या आमच्या मलकापुरात सपाट जागा मिळणं अवघड. घर बांधायचं तर मागची दरड कापावी लागते. मग रस्त्याच्या अंगाला खाली तळघरासारखी एक खोली निघते, वर राहतं घर. खालच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडतं, पण मागची भिंत आठ-आठ फूट मातीत गाडलेली असते. कुणी तिथं दुकान थाटतं, कुणी भाताची आणि खताची पोती ठेवतं.

मी या भागात बांधकामाचे ठेके घेतो. आषाढ लागला की फोन सुरू होतात, "मागच्या भिंतीतनं पाणी यायला लागलंय, आतनं वॉटरप्रूफिंग करून द्या." मी सांगतो, आत हात लावू नका, आधी पाणी कुठून येतंय ते बघू. लोकांना हे टाळाटाळीचं वाटतं. पण आतल्या लेपावर गेलेले पैसे मी इतक्या घरांत वाया गेलेले पाहिलेत की दुसरं काही सांगायला माझं मन घेत नाही.

कारण साधं आहे. भिंतीमागं एक मीटर पाणी साचलं तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब येतो. आठ फूट साचलं तर जवळजवळ अडीच टन. आतून मारलेल्या लेपाला पाणी मागून ढकलतं. लेप फुगतो, सुटतो, आणि सुटला नाही तर पाणी शेजारच्या सांध्यातून वाट काढतं. बाहेरून दिलेला लेप मात्र त्याच दाबानं भिंतीला घट्ट बसतो. मुंबईत खोल तळघरांना बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करतात, ती याचसाठी.

आमच्याकडचं पाणी येतं तरी कुठून? आपल्या सड्यांवर वर जांभा आहे, खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, पाऊस पिऊन घेतो. त्याच्या बुडाशी पांढरट चिकण माती लागते, तिथं पाणी अडतं आणि आडवं वाहायला लागतं. आपले झरे याच रेषेवर फुटतात. तळघरासाठी दरड कापताना कित्येकदा आपण नेमकी हीच रेषा तोडतो. एका दुकानदारांच्या घरामागं चर खणताना हे अगदी स्पष्ट दिसलं. वरची तांबडी माती हातात भुगा होत होती. कमरेइतकं खाली गेल्यावर पहार चिकटायला लागली आणि त्या थराच्या डोक्यावरून बोटभर जाडीची ओल कापलेल्या मातीवर आडवी उमटली. दिवस उन्हाळ्याचे, तरी ती रेघ ओली. आत भिंतीवर लोणा आलेला होता, तोही त्याच उंचीवर.

सगळी ओल झऱ्याची नसते. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि दोन दिवस थांबा. कागदाच्या मागं पाणी धरलं तर ते भिंतीतून येतंय. पुढच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. अशा खोलीच्या खिडक्या भर पावसात उघड्या ठेवल्या तर ओल वाढते. उघडीप पडेल तेव्हा वारं द्यावं. आणि भिंत चैत्र-वैशाखातही ओली राहत असेल तर झऱ्याबरोबर नळाचा पाइप, पाण्याची टाकी किंवा भिंतीलगतचा शोषखड्डा तपासा. जागा नाही म्हणून शोषखड्डा घरामागं दरडीत घेतलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहतो, आणि त्याचं पाणी सरळ तळघराकडे येतं.

उपायाची सुरुवात छपरापासून. पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडत असतील तर आधी पन्हळ लावा आणि त्याचं पाणी लांब सोडा. घराभोवतीच्या जमिनीला घरापासून बाहेर, दहा फुटांत सहा इंच तरी उतार हवा. कित्येक घरांची तक्रार एवढ्यावरच कमी होते.

त्यानं भागलं नाही तर मागं चर. तळघराच्या फरशीच्या थोडं खाली जायचं, पण पायाच्या बुडाखाली कधीही नाही. सगळी लांबी एकदम उघडायची नाही, तुकड्यातुकड्यानं खणायची, नाहीतर दरड आणि भिंत दोन्ही धोक्यात येतात. भिंत घासून बाहेरून लेप द्यायचा. तळाशी भोकं पाडलेली चार इंची नळी, शंभर फुटांना एक फूट उतार. भोवती खडी, आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइलचं कापड. या कापडाचा खर्च वाचवू नका. ते नसेल तर आपली चिकण माती दोन-तीन पावसाळ्यांत खडी बुजवून टाकते. नळीचं तोंड पुढच्या उतारावर गटारात काढायचं, शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. आंबा घाटातल्या संरक्षक भिंतींना भोकं ठेवतात, त्यामागं हाच हिशेब आहे. या बाबतीत गाव उतारावर असणं हे वरदानच आहे. शहरात तळघराचं पाणी पंपानं उपसावं लागतं आणि ऐन पावसात वीज जाते. इथं पाणी आपल्या वजनानं निघून जातं.

जमिनीखाली साठवण करावी की नाही, हे माती आणि पाऊस ठरवतात. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तिथली माती घट्ट आणि पाऊस बेताचा, म्हणून ते जमलं. तरी 2005 च्या महापुरात बरीच पेवं पाण्यानं गेली. उलट पन्हाळ्यावर पाऊस भरपूर, तिथल्या अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्यकोठ्या जमिनीवर उभ्या आहेत.

मागं शेजाऱ्याची भिंत असेल तर चर खणता येत नाही. मग आत भिंतीच्या मुळाशी नाली काढून पाणी बाहेर न्यावं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावीत. ओल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड मात्र त्याच दिवशी हलवा आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

नवं घर बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. भिंत उभी राहिली आणि मागची पोकळी अजून उघडी आहे, तेव्हाच नळी आणि खडी घालून घ्या. त्या वेळी खर्च साहित्याचा आणि थोड्या मजुरीचा. नंतर तीच जागा पुन्हा खणायला कितीतरी पट पैसे जातात. ठेकेदारानं माती लोटायच्या आधी स्वतः जाऊन बघा आणि नळीचा फोटो काढून ठेवा.